रोज एक सूत

काकासाहेबांच्या माडीची जमीन वरून पाहिली तर इतकी सपाट होती, की तिच्यावर ठेवलेली गोटी ठेवली तिथंच म्हातारी झाली असती. खालून पाहिली तर तीच जमीन पाणी पिऊन आलेल्या म्हशीच्या पोटासारखी लोंबत होती. हिवरखडीच्या लोकांना यात काही वावगं वाटत नसे. वर गेलेला माणूस वर बघे, खाली बसलेला खाली बघे. दोन्ही एकदम बघायचं तर जिन्यात उभं राहावं लागे, आणि जिन्यात अंधार होता.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात परतूरहून शिक्षण खात्याचे साहेब आले, त्यांनी मात्र दोन्हीकडून पाहिलं. गावातली शाळा सातवीपर्यंत. मुलींसाठी आठवीचा वर्ग मंजूर झाला होता, पण तो बसवायचा कुठं? रिकामी आणि ऐसपैस जागा गावात एकच, ती म्हणजे पाटलांची माडी, आणि काकासाहेब पाटलांनी ती द्यायचं कबूल केलं होतं. साहेब वर गेले आणि म्हणाले, "वा!" मग खाली आले, मान वर केली, आणि दोन पावलं बाजूला सरकले.

"पंधरा जूनला मी पुन्हा येईन," ते सरकलेल्या जागेवरूनच म्हणाले. "तोवर हे मजबूत करा. नाहीतर वर्ग दुसऱ्या गावाला जाईल. यादीत अजून चार गावं आहेत."

यादीत चार गावं होती आणि सर्जेरावच्या घरात एक पोरगी होती.

बेबीनंदा त्या वर्षी सातवीत पहिली आली होती. पुढं शिकायचं तर परतूर. पोरं सायकलवर जात. पोरींनी सायकलवर बसावं की न बसावं, यावर गावानं अजून विचारच सुरू केला नव्हता, त्यामुळे निर्णयाची घाई नव्हती. तीर्थपुरीच्या अप्पारावांनी मात्र घाई केली होती. आपल्या मुलासाठी त्यांनी बेबीनंदाला मागणी घातली होती.

"वर्ग उघडला तर शिकू द्या तिला, म्या आडवी येत न्हाई," सर्जेरावची बायको गिरिजाबाई भाकर थापता थापता म्हणाली. "न्हाई उघडला तर चुलीपाशी बसवून काय करायचं? दिवाळी झाली की उरकून टाकू."

"तेरा वर्साची हाय ती."

"म्या बाराची आल्ते तुमच्या घरी."

"आन रोज सांगून राह्यलीस की माझं वाटोळं झालं म्हणून."

यावर गिरिजाबाईनं भाकर जरा जोरात थापली. बेबीनंदा कोपऱ्यात सातवीचंच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचत बसली होती, कारण आठवीचं कुणाकडे नव्हतं.

सर्जेराव रेल्वेत गँगमन होता. सोळा वर्षं एकच काम. रूळ खचला की पहारीनं उचलायचा, खाली गिट्टी ठासायची, गाडी जाऊ द्यायची, आणि पुन्हा जाऊन बघायचं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की ज्याच्यावरून अख्खी मालगाडी जाते ते जर उचलता येतं, तर ज्याच्यावरून अकरा पोरी जाणार ते का उचलता येऊ नये? हे म्हणणं घेऊन तो काकासाहेबांच्या घरी गेला.

तोवर त्या घरात सर्जेरावची हद्द ओसरीची पायरी होती. वस्तीतल्या कुणाचीच त्याच्या पुढं गेली नव्हती. लोंबती तुळई ज्या खोलीत होती ती देवघराला लागून. त्यामुळे ती बघायला सर्जेरावला थेट देवघराच्या दारापर्यंत न्यावं लागलं. अस्पृश्यतेच्या कायद्याला एकोणीस वर्षांत जमलं नव्हतं ते तुळईनं एका सकाळीत करून दाखवलं. तीही काही उदार मनानं वाकलेली नव्हती.

सर्जेराव आधी माडीवर गेला, उपडा झोपला, गाल जमिनीला टेकवला आणि एक डोळा मिटला. रूळ असाच बघतात. पण पाटलीणबाई पुष्पाबाईंनी उभ्या आयुष्यात रूळ बघितलेला नव्हता. त्यांनी खालून कांदा फोडून आणला आणि सर्जेरावच्या नाकाला लावला.

"फीट आलीया ह्याला! दातखीळ बसंल, जल्दी धरा कुणीतरी!"

"न्हाई हो वैनी, बघून राह्यलोय," सर्जेराव कांद्याआडून म्हणाला.

"डोळा मिटून?"

"एकच मिटलाय."

वरून जमीन खरोखर रुळासारखी सरळ होती. मग तो खाली आला, शिडी लावून चढला, मधल्या थोरल्या तुळईला एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी ताणली. मधोमध तुळई दोरीच्या खाली पुरी एक वीत आली होती. वर सपाट आणि खाली वीतभर पोट. सर्जेराव शिडीवरच बसून राहिला. मधली वीत गेली कुठं, हे त्याला कळेना.

तो पुन्हा वर गेला आणि जमिनीत पहारीचं टोक खुपसलं. भिंतीपाशी चार बोटांवर लाकूड लागलं. खोलीच्या मधोमध पहार जात राहिली, जात राहिली, आणि पाऊण हातावर एकदाची थांबली.

"वैनी, हितं मधी येवढी माती कुणी टाकली?"

"म्याच," पुष्पाबाई अभिमानानं म्हणाल्या. "दर दिवाळीला टाकतो आमी. जिथं जिमीन खोल वाटंल तिथं पांढरी माती भरायची, चोपायची, वरून सारवून घ्यायचं. सासूबाईनं लावून दिलेली रीत हाय. म्हणून तर लोक म्हणतेत, पाटलाची माडी म्हंजी आरसा."

"किती दिवाळ्या झाल्या?"

"मला येऊन अठ्ठावीस. त्याच्या म्होरल्या सासूबाईच्या."

सर्जेरावनं पहार बाजूला ठेवली. तुळई वाकली म्हणून माती भरली होती. माती भरली म्हणून तुळई आणखी वाकली होती. वाकली म्हणून पुढच्या दिवाळीला पुन्हा भरली. दोन पिढ्या या घरातल्या बायका निगुतीनं, सारवून, रांगोळी काढून, स्वतःचंच घर खाली ढकलत होत्या. हे पाटलीणबाईंना कसं सांगावं, याचा त्यानं थोडा विचार केला.

"वैनी, हिच्यावर तीन गाड्या माती हाय. ह्या तुळईनं येवढे दिवस दम काढला, तिची दृष्ट काढा."

माती काढायला सातवी पास झालेल्या अकराच्या अकरा पोरी आल्या. माडीपासून उकिरड्यापर्यंत त्यांनी रांग लावली आणि घमेल्यामागून घमेलं हातोहात खाली येऊ लागलं. तिसऱ्या दिवशी खालच्या थरातून एक पितळी पळी निघाली. पुष्पाबाई ती बघून जिन्यातच बसल्या. एक्कावन सालच्या दिवाळीत ती हरवली होती, आणि सुनेनं ती माहेरी दिली असं सासूबाई मरेपर्यंत म्हणत होत्या. पुष्पाबाईंनी पळी चिंचेनं घासली, लखलखीत केली, आणि सासूबाईंच्या फोटोसमोर, त्यांना नीट दिसेल अशी, खिळ्याला टांगली. त्या दिवसापासून सर्जेरावला त्या घरात चहा कपबशीत मिळू लागला, आणि ती कपबशी घरातलीच होती.

माती संपली आणि माडीवर एक भलीमोठी परात उरली. लाकडी कड्यांवरच्या फळ्या चारी बाजूंनी उतरत मधोमध जाऊन बसल्या होत्या. गाव जथ्यानं बघायला आलं. पिढ्यान्‌पिढ्या सपाट असलेली माडी या गँगवाल्यानं तीन दिवसांत वाकवली, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

"सर्ज्या," काकासाहेब म्हणाले, "आरशाची तू कढई करून ठिवलीस."

"कढईच व्हती, काकासाहेब. झाकण काढलं निस्तं."

"बास कर. आता बद्रीनाथ बघंल."

हे कुणीतरी म्हणण्याचीच बद्रीनाथ सुतार वाट बघत होता. त्या खोलीत आधीचे तीन टेकू उभे होते, तिन्ही त्याच्या बापानं लावलेले. सर्जेरावनं ते येता-जाता पाहून ठेवले होते, कारण त्यांच्यात त्याला एक गंमत दिसली होती. टेकू होते तेच, पण प्रत्येकाच्या डोक्यावर दरवर्षी काहीतरी चढवलेलं होतं. एक फळी, तिच्यावर वीट, विटेवर चपटा दगड, आणि एकाच्या अगदी वर खेळातल्या लाकडी बैलाचं तेवढं उरलेलं धड. आणि बद्रीनाथच्या बापानं आपली खूण म्हणून गुडघ्याइतक्या उंचीवर जी खाच पाडली होती, ती आता घोट्याजवळ आली होती.

"बद्रीनाथ, टेकू खाली चाललेत," सर्जेराव म्हणाला.

"तू रूळ बघ, सर्जेराव. लाकडाचं मला कळतं."

"लाकडाचं न्हाई म्हणत म्या. जिमिनीचं म्हणून राह्यलो."

बद्रीनाथनं ऐकलं नाही. त्यानं दोन हातांच्या मिठीत न मावणारं बाभळीचं खोड आणलं, जुने टेकू काढून मधोमध उभं केलं, वर पाचर बसवली आणि आठ गड्यांना घण दिले. काकासाहेब देखरेखीला स्वतः माडीवर जाऊन बसले. वाऱ्यानं धूळ येते म्हणून दारही लोटून घेतलं.

"येतीया वर!" ते वरून ओरडले. "आजून हाणा! आजून!"

घण पडत राहिले. जी तुळई तीस वर्षं खाली आली होती ती तासाभरात चार बोटं वर गेली. भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला, गिलाव्याची पोपडी बद्रीनाथच्या डोक्यावर पडली, आणि माडीच्या दाराची चौकट आवळून दार असं रुतलं, की आतून काकासाहेबांनी ओढून आणि बाहेरून आठ गड्यांनी रेटूनही हललं नाही.

आता खरी पंचाईत सुरू झाली. दार तोडायचं, तर ते काकासाहेबांच्या आज्ज्यानं बनवून घेतलेलं सागवानी दार. "करवत लावणाराचा हात तोडीन," असं आतून सांगण्यात आलं. पाचर ठोकून काढायची, तर तुळई धाडकन खाली येणार, आणि वर काकासाहेब बसलेले. खिडकीला गज. बद्रीनाथ दोन वेळा पाणी पिऊन आला.

सर्जेरावनं खिशातला खडू काढला आणि टेकूवर, जमिनीला अगदी लागून, एक रेघ मारली.

"ह्यो बसंल," तो म्हणाला. "उद्या दिवस कलायच्या आत दार आपोआप उघडंल."

"आन न्हाई उघडलं तर?" खिडकीतून आवाज आला.

"तर परवा."

काकासाहेबांनी एक रात्र आणि दीड दिवस माडीवर काढला. भाकरी आणि तंबाखू दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर जात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाच्या भांडणाचे दोघं आले, त्यांचा निवाडा काकासाहेबांनी गजातून केला. तो त्यांचा आजवरचा सगळ्यात चांगला निवाडा मानला जातो, कारण कुणालाच पाय धरायला पोचता आलं नाही. बाकीच्या सोयींचं काय केलं, यावर गावात अजून एकमत नाही.

दुपारी चारच्या सुमाराला कर्रर्र असा लांबलचक आवाज झाला. माडीचं दार हळूच, कुणी हात न लावता, आतल्या बाजूला उघडलं. काकासाहेब धोतर सावरत खाली आले आणि थेट टेकूपाशी गेले. खडूची रेघ दिसत नव्हती. ती दोन बोटं जमिनीत गेली होती.

"सर्जेराव," ते म्हणाले. हा 'राव' त्यांनी पहिल्यांदाच लावला होता, आणि तो लावताना त्यांना जड गेलं असेल तर ते तोंडावर दिसलं नाही. "हे काय प्रकरण हाय?"

सर्जेरावनं टेकूशेजारी पहार आपटली. ढब्ब. भिंतीपाशी जाऊन आपटली. टक्क. पुन्हा टेकूपाशी. ढब्ब.

"खाली पोकळी हाय."

काकासाहेब खाली बसले. मग कपाळावर हात मारून घेतला.

"पेव!"

जमिनीखाली विहिरीसारखं खोल खणून त्यात ज्वारी पुरून ठेवत, ते पेव. रझाकाराच्या धामधुमीत काकासाहेबांच्या वडलांनी घरातल्या पेवाचं तोंड बुजवलं, वर माती चोपली, आणि कुणाला कळू दिलं नाही. गुपित त्यांनी इतकं कडेकोट सांभाळलं, की पुढं त्यांच्याही लक्षात राहिलं नाही, आणि लहानपणी त्यात उतरलेल्या काकासाहेबांच्याही. बद्रीनाथच्या बापानं खोलीचा बरोबर मध्य मोजून काढला आणि टेकू लावला. पेव खणणारानंही बरोबर तोच मध्य मोजून काढला होता. दोघंही आपापल्या कामात चोख होते.

"पंचवीस वर्सं आमी भोकावर टेकू लावून राह्यलो," बद्रीनाथ हळू आवाजात म्हणाला.

"लाकूड बराबर व्हतं तुमचं," सर्जेराव म्हणाला. "त्येच्यात काय खोट न्हाई."

हे ऐकून बद्रीनाथ जो सर्जेरावच्या बाजूला आला, तो कायमचा.

पेव उघडून आतली हवा बघायला आधी कंदील सोडला. तो विझला, म्हणून तोंड दोन दिवस उघडं ठेवलं. मग दगड, त्यावर मुरूम, पाणी, धुमसाचे ठोके. पुन्हा दगड, पुन्हा मुरूम, असं करत ते गळ्यापर्यंत भरलं. भरलं तरी सर्जेरावनं त्याच्यावर भार टाकला नाही. पेवाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन खड्डे पक्का मुरूम लागेपर्यंत खणले, तळाला गिट्टी ठासली, वर एकेक चौकोनी दगड बसवला. तो दगड पाण्यात, म्हणजे समतल, आहे की नाही ते बघायला ताटलीत पाणी घेऊन तो दगडावर ठेवी आणि गाल टेकवून बघत बसे. आता कुणी कांदा आणत नसे.

काकासाहेबांच्या विहिरीवर विजेची मोटार बसल्यापासून मोटेची लाकडं पडून होती. त्यातले दोन सोट खांबाला घेतले, आणि तिसरा, सगळ्यात जाडजूड, वाकलेल्या तुळईच्या खाली तिच्या लांबीनं धरायला. वाटूरच्या एका ट्रकवाल्याकडून जॅक आणला. पंधरा मेला सगळी जुळणी झाली आणि गाव पुन्हा जमलं.

सर्जेरावनं जॅकचा दांडा थोडासा फिरवला. कुठंतरी एक फळी कुरकुरली. त्यानं खांबाच्या डोक्यावरची पाचर हातोडीनं दोन टोले देऊन घट्ट केली, हात झटकले आणि टोपी घातली.

"झालं?" काकासाहेबांनी विचारलं.

"आजचं झालं."

"किती आली वर?"

"एक सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. गावानं वर पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि काम सोडून आल्याबद्दल स्वतःला शिव्या दिल्या.

"आरं, बद्रीनाथनं घंट्यात चार बोटं उचलली व्हती!"

"आन काकासाहेबाला बी," सर्जेराव म्हणाला. "तीस वर्सं वाकलेलं हाय. एकदम उचललं की भिंतीला चीर पडती. रोज एक सूत. माडीचं दार घासलं की त्या दिशी सुट्टी."

मग रोज सकाळी कामावर जायच्या आधी सर्जेराव येई, जॅक फिरवी, पाचर ठोकी आणि जाई. बेबीनंदा वर जाऊन दार उघडून लावून बघे आणि "घासत न्हाई, बाबा!" असं ओरडे. मग भिंतीवर कोळशानं एक आडवी खूण करी. पहिल्या आठवड्यात बघायला कुणी आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दोघं-तिघं आले. महिन्याच्या शेवटी लोक सकाळी परसाकडे जाता-जाता "आज किती?" असं विचारू लागले, आणि उत्तर रोज एकच असूनही ते ऐकल्याशिवाय पुढं जात नसत.

मध्येच जॅकवाल्याचा ट्रक वाटूर फाट्यावर पंक्चर झाला आणि तो जॅक न्यायला आला. काकासाहेबांनी त्याला दारातच अडवलं. "जॅक काढला तर घर पडंल!" सर्जेरावनं जॅक सोडवला आणि त्याच्या हातात दिला. सगळे अंगणात पळाले. घर जागचं हललं नाही.

"भार पाचरीवर हाय," सर्जेराव आतून म्हणाला. "जॅकवर कधीच ठिवला न्हाई. या आत." टायर बदलून ट्रकवाल्यानं संध्याकाळी जॅक परत आणून दिला.

जूनच्या चौदा तारखेला भिंतीवर एकोणतीस खुणा होत्या. दोन दिवस दार घासलं होतं. राहिलेलं पोट सर्जेरावनं तसंच ठेवलं. लाकडाचाही एक स्वभाव असतो, असं त्याचं मत. बद्रीनाथनं कड्यांवर पट्ट्या ठोकून फळ्या सपाट करून घेतल्या, आणि पुष्पाबाईंनी वर नुसतं एक बोटभर सारवण घातलं. हात मातीच्या टोपलीकडे जाई, पण त्या मागं घेत.

पंधरा तारखेला दोन गोष्टी एकदम घडल्या. परतूरहून साहेबांची जीप आली, आणि तीर्थपुरीहून मुलगी बघायला अप्पाराव सहा माणसं घेऊन आले. गिरिजाबाईनं निरोप पाठवला होता, आणि तो पाठवल्याचं सर्जेरावला सांगायचं तिच्या नेमकं लक्षात राहिलं नव्हतं.

साहेब खाली आले, वर पाहिलं, आणि या वेळी सरकले नाहीत. खांबाला हात लावला. मग पिशवीतून एक कागद काढला.

"दिसायला छान आहे. पण नियम असा आहे, की वर्गाच्या खोलीनं चाळीस माणसांचा भार पेलला पाहिजे. तुमच्याकडे इंजिनियरचा दाखला आहे?"

सर्जेरावकडे भिंतीवरच्या खुणा होत्या.

"दाखला न्हाई," काकासाहेब म्हणाले, "चाळीस माणसं दाखवतो."

पण पेरणी सुरू झाली होती. सगळं गाव रानात. अकरा पोरी होत्या, मास्तर होते, पुष्पाबाई, गिरिजाबाई, शेजारच्या बाया, म्हाताऱ्या, दोन वासुदेव गावात मागायला आलेले, जीपचा ड्रायव्हर. ओढून-ताणून एकतीस झाले. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि कागदाची घडी घालायला घेतली.

सर्जेरावनं मागं वळून पाहिलं. ओसरीच्या कडेला तीर्थपुरीचे सात पाहुणे, नवे कपडे घालून, आपल्याला कुणी बसा का म्हणत नाही या विचारात उभे होते.

"जय भीम, पाव्हणे," सर्जेराव म्हणाला. "जरा माडीवर या."

"पोरगी वर हाय व्हय?" अप्पारावांनी विचारलं.

"वरच हाय."

हे खोटं नव्हतं. अप्पाराव पुढं आणि मागून त्यांची सहा माणसं जिना चढून गेली. अप्पाराव तीर्थपुरीच्या बाजारात हमालांचे मुकादम. जिन्यातून त्यांना आडवं होऊन जावं लागलं.

"अडतीस," साहेब जिन्याच्या तोंडाशी उभं राहून म्हणाले. "दोन कमी."

काकासाहेबांनी वर तोंड करून हाक दिली. "पाव्हणे, तुमचं वजन किती?"

"एकशे अठरा किलो," वरून अप्पारावांचा आवाज आला. बाजारातल्या काट्यावर ते दर पोळ्याला बसत. "काहून?"

एका पोरामागं चाळीस किलो धरून साहेबांनी मनात भागाकार केला. "चाळीस झाले," ते म्हणाले. "पण ही शाळा आहे. मुलं काय अशी गप्प उभी राहतात? उड्या मारतात."

वरून बेबीनंदाचा आवाज आला. "गुरुजी, लेझमी कुठं हायेत?"

खाली काकासाहेबांनी खुर्ची मागवली, बरोबर तुळईच्या मध्याखाली मांडली, बशीत काठोकाठ चहा ओतून घेतला आणि बसले. बद्रीनाथ त्यांच्या शेजारी दोन्ही हात वर करून उभा राहिला, लागलेच तर असावेत म्हणून. साहेब दारात, एक पाय बाहेर. सर्जेरावनं खाली वाकून दोन्ही खांबांच्या तळाशी, दगडाला लागून, खडूनं रेघ मारली आणि पालथं पडून गाल जमिनीला लावला.

पहिला ठेका पडला. अकरा लेझमी, बावीस पाय. तुळई एकदा कुरकुरली, घसा खाकरल्यासारखी, आणि गप्प झाली. दुसरा ठेका. तिसऱ्याला बाया सामील झाल्या. मग वासुदेवांना राहवलं नाही. मग, इतके लोक नाचत असताना मध्ये नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून, अप्पाराव नाचायला लागले. सर्जेरावला ते दिसत नव्हतं, पण कळलं. छताला सगळीकडे पाऊस पडल्यासारखे ठेके होते आणि मधोमध एक वेगळा, सावकाश, एकशे अठरा किलोचा ठेका होता. धम्म. धम्म.

त्यानं एक डोळा मिटून रेघेकडे पाहिलं. रेघ दगडाला जिथं लागत होती तिथंच लागत होती. धम्म. तिथंच. सर्जेरावनं दुसराही डोळा मिटला.

"बशीतून एक थेंब बी सांडला न्हाई!" काकासाहेब ओरडले. ते खोटं होतं, धोतर भिजलं होतं. पण साहेबांनी दुसरा पाय आत घेतला होता आणि उंबऱ्यावर बसून, मांडीवर कागद ठेवून ते सही करत होते. साक्षीदार म्हणून त्यांना भार टाकणारांपैकी एकाची सही हवी होती. सगळ्यात जास्त भार टाकणारे अप्पाराव घामाघूम होऊन खाली आले, तेव्हा त्यांच्याच हातात पेन दिलं. त्यांनी फुशारकीनं सही ठोकली.

मग धापा टाकत खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "लई झकास. आता पोरगी दाखवा."

"दावली की," सर्जेराव म्हणाला. "म्होरं लेझीम घेऊन जी नाचत व्हती ती. आठवीत गेली आत्ताच."

"कव्हा?"

"तुमी सही केली तव्हा."

गिरिजाबाईनं पदर तोंडाला लावला, पण हसू लपवायला की भीती, ते तिलाही सांगता आलं नसतं. अप्पारावांनी साहेबांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, आपल्या सहीकडे पाहिलं, आणि माडीकडे पाहिलं. वर पोरी अजून थांबल्या नव्हत्या.

"म्हंजी म्याच मोडली म्हणा की सोयरीक," ते म्हणाले. "पायानं."

"मॅट्रिक झाल्यावर तिलाच इचारू," सर्जेराव म्हणाला. "तवर न्हाई, पाव्हणे. राग मानू नका."

अप्पारावांनी खुर्ची सर्जेरावच्या जवळ ओढली.

"माझी धाकटी हाय, वसुंधरा. यंदा सातवी झाली. तीर्थपुरीत सगळी पोरं हायेत वर्गात, म्हणून तिची माय पाठवत न्हाई." त्यांनी आवाज खाली आणला. "ह्या माडीवर म्या सोता नाचून बघितलंय. मजबूत हाय. तुमच्या घरी ऱ्हाईल का ती?"

सर्जेरावनं गिरिजाबाईकडे पाहिलं. गिरिजाबाईनं तोंडावरचा पदर काढला आणि कमरेला खोचला.

"ऱ्हाईल की. कितीक भाकरी खाती?"

"माझ्यावर गेलीया," अप्पाराव म्हणाले.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद पसरला, पोरींची नावं उतरवून घेतली, आणि अकराव्या नावाखाली बारावं लिहिलं. सून न्यायला आलेला माणूस लेक ठेवायचं ठरवून, रिकाम्या हातानं आणि फार खुशीत, संध्याकाळच्या एसटीनं परत गेला. बेबीनंदा खाली उतरली तेव्हा तिच्या हातात कुठून कुणास ठाऊक आठवीचं एक पुस्तक होतं, मुखपृष्ठ फाटलेलं, साहेबांच्या जीपमध्ये सापडलेलं, आणि ती चालता चालताच त्याचं पहिलं पान वाचत होती.